आठ वाकवलेल्या पट्ट्या

माझा मामा फिटर आहे. शास्त्रज्ञ नाही, इंजिनियर नाही, फिटर. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रयोगशाळेत काम करतो म्हटलं की लोक लगेच मनातल्या मनात त्याला पांढरा कोट चढवतात. मामाने जन्मात पांढरा कोट घातला नाही. निळा डगला, एका खिशात पाना आणि दुसऱ्या खिशात दोऱ्याला बांधलेलं वाटाण्याएवढं चुंबक. हा त्याचा साज.

त्या चुंबकावरून सगळी प्रयोगशाळा त्याला 'चुंबक' म्हणायची. मामीसुद्धा चिडली की म्हणायची, "तुमच्या चुंबकाला जेवायला बोलवा गं कुणीतरी."

चुंबक कशाला, ते सांगते. मामाने मला हे जेवणाच्या टेबलावर समजावलंय. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल, कारण माझं आणि शाळेचं नववीतच फाटलं.

जगात वस्तूंना ढकलणारी-ओढणारी जी बळं आहेत त्यात एक विजेचं आणि चुंबकाचं. दुसरं एक आहे, त्याला क्षीण बळ म्हणतात. नावासारखंच मरतुकडं, पण ते नसतं तर सूर्य पेटला नसता. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की ही दोन्ही मुळात एकाच घरातली भावंडं, दिसायला तेवढी वेगळी. आता नुसतं म्हणून कोण ऐकतंय? म्हणून आपटून बघायचं. इलेक्ट्रॉनचा झोत घ्यायचा, गारठवून पातळ केलेल्या हायड्रोजनवर मारायचा, आणि उडून किती येतात ते मोजायचं. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखे असतात, काही डावे, काही उजवे. वीज दोघांनाही सारखंच वागवते. क्षीण बळ मात्र पक्षपाती. त्याचा जीव डाव्यांवर जास्त. त्यामुळे डावा झोत मारला तर उडून येणारे किंचित जास्त. किती जास्त? कोटीमागे दोन.

"दोन कोटी?" मी विचारलं होतं.

"कोटीमागे दोन. दोन नग."

"आणि ते तुम्ही मोजता?"

"मी नाही मोजत. मी शिसं लावतो."

भावंडं खरी असतील तर हा फरक नेमका किती यावा, ते सिद्धांत आधीच सांगून मोकळा झालाय. तोच आला तर ठीक. नाही आला तर जगात अजून काहीतरी आहे, जे कुणाला माहीत नाही. एवढ्यासाठी ऐंशी माणसं दोन वर्षं खपत होती.

आणि यात लोखंड म्हणजे शत्रू. लोखंडात चुंबकपणा आला की त्याच्या आतले इलेक्ट्रॉन एकाच बाजूला तोंड करून उभे राहतात. झोतातला भरकटलेला एखादा इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आपटला, की तिथेही डाव्या-उजव्यात फरक पडतो. पण तो खोटा. यंत्राला खरा आणि खोटा ओळखता येत नाही, ते आपलं मोजत बसतं. म्हणून झोताच्या नळीजवळ पितळ चालेल, ॲल्युमिनियम चालेल, शिसं चालेल, चुंबकाला न चिकटणारं स्टेनलेस चालेल. लोखंड नाही.

ते बघायचं काम मामाचं. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वॉशर तो दोऱ्याला लटकवलेल्या चुंबकासमोर धरायचा. दोरा हलला की बोल्ट बाद. नऊ हजारांवर नग तपासले असतील. एकदा कुणी पाहुणे प्रोफेसर आले, त्यांच्या बुटाच्या टाचेत खिळे निघाले. मामाने त्यांना रबरी चपला दिल्या आणि बूट दाराबाहेर ठेवायला लावले. प्रोफेसर म्हणाले, "मी फक्त बघायला आलोय." मामा म्हणाला, "चपला घालूनही दिसतं."

त्यामुळे तिथे एक पद्धतच पडली होती. कुणी विचारलं, हे तपासलंय का, तर उत्तर यायचं, "चुंबकने लावलंय." विषय संपला. मामाला प्रमोशन फारसं मिळालं नाही, पण हे एक वाक्य मिळालं होतं, आणि ते त्याला आवडायचं. बोलून दाखवायचा नाही. पण ते ऐकलं की कान लाल व्हायचे.

माझ्या कामाची गाडीही तिथेच जायची. मी नायट्रोजनच्या टाक्या पोचवते, आठवड्यातून दोनदा. मी मामा-मामीकडेच राहते. आईबाप आहेत, पण दूर. ते जाऊ दे, गोष्ट मामाची आहे.

झोत बंद होऊन चार महिने झाले होते. मोजमाप संपलं, आता हिशोब जुळवणं चालू. आणि इथे त्यांची एक भन्नाट रीत आहे. खरा आकडा कुणाला दिसतच नाही. संगणक सगळ्या मोजमापात एक गुपित आकडा मिसळून ठेवतो. तो किती, ते कुणालाच माहीत नसतं. का? तर माणसाची खोड. हवं ते उत्तर दिसलं की माणूस चुका शोधायचं थांबवतो. म्हणून आधी सगळ्या चुका शोधायच्या, सगळे हिशोब बंद करायचे, आणि मग एका दिवशी सगळ्यांसमोर गुपित आकडा वजा करायचा. त्याला ते 'उघडणं' म्हणतात. उघडल्यावर काही बदलायचं नाही. आला तो आकडा, तोच छापायचा.

उघडायचं ठरलं होतं शुक्रवारी. मामाची निवृत्ती पुढच्या महिन्यात. म्हणजे अगदी वेळेत. मामीने तर त्याचा शर्टही इस्त्री करून ठेवला होता. मामी शिवणकाम करते. तिच्या हातची इस्त्री म्हणजे कागद कापता येईल.

मंगळवारी मामाची सुट्टी होती आणि घरात नवीन सिंक बसवायचं होतं. जुनं गळत होतं. मामा ओट्याखाली आडवा, मी वरून सिंक धरलेलं, मामी दाराशी उभी राहून सूचना देत होती.

"डावीकडे घ्या."

"डावीकडे भिंत आहे."

"मग थोडंसं घ्या."

मामा बाहेर आला, घाम पुसला आणि सवयीने खिशातलं चुंबक काढून सिंकवर टेकवलं. सपाट भागाला चिकटलं नाही. "चांगला माल आहे," म्हणाला. मग सहज चुंबक कोपऱ्याकडे गेलं, जिथे पत्रा दाबून वळवलेला असतो. आणि तिथे ते टचकन बसलं.

मामाने ते काढलं. परत लावलं. परत बसलं. दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. सगळीकडे तेच. सपाटीला नाही, कोपऱ्याला हो.

"फसवलं काय दुकानदाराने?" मी म्हणाले. "चल, आत्ता जाऊन त्याच्या डोक्यात घालते हे सिंक."

मामा पाण्याच्या पिंपावर बसला. त्याचा चेहरा असा झाला की मामीने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"वाकवल्यावर होतं," मामा म्हणाला. "स्टेनलेस जोरात वाकवलं की वाकल्या जागी चुंबकाला चिकटायला लागतं. माझ्या लक्षातच नव्हतं. मी आठ पट्ट्या वाकवल्यात."

मग हळूहळू सगळं सांगितलं. सव्वा वर्षापूर्वी, प्रयोग मध्यावर असताना, झोताच्या नळीभोवती किरणं अडवायला रचलेल्या शिशाच्या विटा दोन मिलिमीटर खाली बसल्या होत्या. झोत थांबवलेला, सहा तासांची मुदत, आणि वर्कशॉपला सुट्टी. मामाने स्टेनलेसच्या आठ पट्ट्या घेतल्या, एकेक चुंबकाला दाखवली, आठही चोख. मग शिकंज्यात धरून, हातोड्याने ठोकून काटकोनात वाकवल्या आणि विटांना आधार म्हणून बसवल्या. वहीत लिहिलं, 'पट्ट्या आठ, चुंबकाने तपासल्या, ठीक.' खाली सही.

"तपासल्या होत्यास ना?" मी म्हणाले.

"सपाट असताना. वाकवल्यावर नाही."

मामी म्हणाली, "म्हणजे कापड आधी मापलं आणि मग धुतलं?"

"हो."

"अहो, पहिल्या आठवड्यातली पोरगी शिकते हे माझ्याकडे. आधी धुवायचं, मग मापायचं."

"माहितीये गं."

"मग?"

"मग काय! नाही आलं डोक्यात."

मी स्पष्टच बोलणारी आहे. म्हणाले, "मामा, वहीत ठीक लिहिलंय. सही आहे. कुणी वाकून बघणार नाही. शुक्रवारी उघडू देत, पुढच्या महिन्यात तू घरी. हत्ती गेला, आता शेपटासाठी कशाला ओरडतोस?"

मामा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"समज, शुक्रवारी आकडा सिद्धांताशी जुळला," तो म्हणाला. "तर पट्ट्यांकडे कुणी बघणारच नाही. आणि नाही जुळला, आणि मग मी सांगितलं, तर सगळे म्हणणार, बरं झालं, चुंबकची चूक होती. खरंच तसं होतं की जगात नवीन काही होतं, ते कुणालाच कळणार नाही. आज सांगितलं तर तपासता येतं. शनिवारी सांगितलं तर ती सबब."

"आणि आज सांगितलंस तर दोन वर्षं पाण्यात जातील, ती तुझ्या नावावर."

"जातील."

"आणि ते 'चुंबकने लावलंय' वगैरे? तेही जाईल."

यावर तो उठला आणि शर्ट बदलायला आत गेला. मामीने शुक्रवारचा इस्त्रीचा शर्ट काढून दिला. "हाच घाला," म्हणाली. "वाईट बातमी मळक्या कपड्यात सांगू नये."

मी गाडीत बसवून घेऊन गेले. वाटेत फक्त सिग्नलला म्हणाला, "लाल आहे." मी बघितलंच नव्हतं.

प्रयोगाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. उंची माझ्या खांद्याएवढी, पण मोठ्या बाई. त्यांच्या खोलीत तेव्हा दाढी बसला होता. दाढी म्हणजे हिशोब जुळवणारा तरुण शास्त्रज्ञ. दोन वर्षांत त्याने दाढी केली नव्हती आणि उघडेपर्यंत करणार नव्हता. मामाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. वहीचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

"हे बरोबर लिहिलंय," मामा म्हणाला, "पण खरं नाही."

दाढी ताडकन उठला. "तीन दिवस राहिलेत! एक वर्षाचा डेटा त्या पट्ट्या लावल्यावरचा आहे! तुम्हाला आत्ता आठवतंय?"

मला राहवलं नाही. "ए, तो सांगायला तरी आला. तुझ्या संगणकाला कळलं होतं का?"

"तू कोण?"

"नायट्रोजन."

"दोघंही बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. आम्ही बसलो. त्या मामाकडे वळल्या. "कधी कळलं तुम्हाला?"

"सकाळी. सिंक बसवताना."

"सिंक बसलं का?"

"नाही अजून. अर्धवट आहे."

बाईंनी वही जवळ ओढून ते पान वाचलं. मग म्हणाल्या, "शुक्रवार रद्द. पट्ट्या काढा. तुम्हीच काढा."

दाढी म्हणाला, "पण मॅडम, सगळे लोक येणार आहेत, विमानाची तिकिटं..."

"त्यांना म्हणावं, फिरून जा."

दुसऱ्या दिवशी, आत घातक किरणं किती उरलीत ते मोजणाऱ्या मुलीने आत जायला होकार दिला, आणि मामाने स्वतः लावलेल्या पट्ट्या स्वतः काढल्या. आठही पट्ट्या एका लाकडी पाटावर ओळीने मांडल्या आणि यंत्राने मोजल्या. आठातल्या सहा पट्ट्यांच्या वाकात चुंबकपणा निघाला. थोडा, पण निघाला. मामाचा उरलासुरला धीर तिथे गेला. तोपर्यंत त्याला बहुतेक वाटत होतं की नशीब असेल तर काहीच निघणार नाही.

पुढचे बारा दिवस दाढी हिशोब करत होता. भरकटलेले किती इलेक्ट्रॉन त्या वाकांवर आपटले असतील, त्यातून किती खोटा फरक येईल. आणि मामा घरी दुरुस्त्या करत होता. सिंक पहिल्याच दिवशी बसवलं. मग नळ. मग दारं. मग मामीच्या शिवणयंत्राचा पाय, जो बिघडलाच नव्हता.

"अजून आठवडा लागला," मामी मला म्हणाली, "तर हा माणूस शेजाऱ्यांच्या घरात शिरेल."

रात्री नीट जेवायचा, झोपायचाही. पण एक गोष्ट बदलली होती. काही वस्तू हातात घेतली की तो ती दोनदा बघायचा. कपसुद्धा. ते मला बघवत नव्हतं.

तेराव्या दिवशी मी टाक्या उतरवत होते, तर दाढी धावत आला. मला वाटलं, आता हा भांडणार. मी पाना घट्ट धरला.

"तुझा मामा कुठाय?"

"का?"

"वजाबाकी झाली!"

मग त्याने तिथेच, टाक्यांच्या मध्ये उभं राहून सांगितलं. पट्ट्या लावण्याआधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष, दोन्हींत गुपित आकडा सारखाच मिसळलेला. म्हणून एकातून दुसरं वजा केलं की गुपित आपोआप उडतं, आणि खरा आकडा न उघडताच कळतं की पट्ट्यांमुळे काही बदललं का. काही बदललेलं दिसलं नव्हतं. त्याचा दुसरा हिशोबही तेच सांगत होता. पट्ट्यांनी केलेला घोळ फार तर इतका, आणि तो इतर सगळ्या अनिश्चिततेचा विसावा हिस्सा.

"म्हणजे दोन वर्षं वाचली?" मी विचारलं.

"वाचली. पण हे आम्हाला मोजूनच कळलं ना. नाहीतर..." तो थांबला. दाढी खाजवली. "त्या दिवशी मी ओरडलो. मामांना सांगशील?"

"तूच सांग. मी टाक्या पोचवते, निरोप नाही."

त्याने सांगितलं. मामाने त्याला चहा पाजला आणि शिकंज्यात पट्टी कशी धरायची ते उगाचच अर्धा तास शिकवलं.

उघडायच्या दिवशी मामा मागे उभा राहणार होता. मोठ्या बाईंनी त्याला पुढे खुर्ची दिली. मी दारात. शंभरेक माणसं, पंख्यांचा आवाज, बाकी शांत. बाईंनी एक कळ दाबली. पडद्यावर सिद्धांताची एक सरळ रेघ होती आणि बाजूला मोजलेल्या आकड्याचा ठिपका यायचा होता. तो आला. रेघेच्या अगदी शेजारी, मोजण्यात किती चूक असू शकते ते दाखवणाऱ्या दांडीच्या आत. भावंडं खरी निघाली. लोक ओरडले, कुणीतरी रडलं, दाढीने कुठून तरी कात्री आणली.

मामाने पहिलं काय विचारलं, तर, "त्या दांडीत माझ्या पट्ट्या धरल्यात ना?"

"धरल्यात," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे तो टाळ्या वाजवायला लागला. सगळ्यांच्या थांबल्यावर.

निवृत्तीच्या दिवशी निरोपाचं भाषण वगैरे झालं, ते सोडा. खरी मजा सहा महिन्यांनी. छापलेला शोधनिबंध पोस्टाने घरी आला. वर ऐंशी नावं. त्यात मामाचं नाव नाही. फिटरची नावं नसतातच तिथे. माझं डोकं फिरलं. मी फोन उचलला होता, दाढीला चार शब्द सुनवायला. मामा म्हणाला, "थांब गं, भिंगरी. पान सात बघ."

पान सातवर एक तक्ता होता. प्रयोगात काय काय चुकलं असू शकतं, आणि प्रत्येक चुकीने जास्तीत जास्त किती फरक पडला असेल. झोताची जागा, हायड्रोजनचं उकळणं, असल्या मोठमोठ्या नावांच्या अकरा ओळी. आणि खालून दुसरी, बेरजेच्या वरची ओळ, 'शिशाच्या विटांच्या आधारपट्ट्यांमधला चुंबकपणा'. समोर आकडा. सगळ्यात लहान.

मामाने चष्मा पुसला आणि ती ओळ मोठ्याने वाचली. आकड्यासकट. मग परत वाचली.

मामी सुई ओवत होती. म्हणाली, "अख्ख्या खानदानात चूक करून छापून आलेले तुम्ही पहिलेच."

"मी कुठे आलोय?" मामा म्हणाला. "पट्ट्या आल्यात."

पण कान लाल झाले होते. मी बघितले.